गड्डा फोडला, पानं आली, फुलं कुठे अडली?

गेल्या श्रावणात, खानदेशातल्या कानबाईच्या सणाला देवी बसण्याच्या आदल्या आठवड्यात, आमच्या धुळ्याच्या देवपूरमधल्या गल्लीत निशिगंधाची वाटणी झाली. शेजारच्या आक्कांच्या अंगणात टाकीजवळ निशिगंधाचा चार वर्षांचा गड्डा होता. कंदावर कंद चढून तो इतका दाटला होता की मातीच दिसत नव्हती, आणि फुलांचे दांडे वर्षागणिक कमी होत चालले होते. त्याच सुमारास आक्कांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. परदेशातल्या बागेत एक बाई आयरिस नावाच्या फुलझाडाचा गड्डा उपटते, सुरीने त्याचे तुकडे करते, पानं पंख्याच्या आकारात वीतभर ठेवून कापून टाकते आणि कंद मातीवर जवळजवळ उघडाच टेकवते. शेवटी पुढच्या वर्षीचा वाफा दिसतो, जांभळ्या फुलांनी भरलेला.

आक्कांनी बरोबर तसंच केलं. जून-जुलैच्या पावसाने जोमात आलेला गड्डा उपटला, कंद सुटे केले, पानं छाटली आणि आठ घरांत कंद वाटले. मलाही मिळाले.

यंदा गणपती बसले तेव्हा आठांपैकी सात घरांत नुसती पानं होती. एका घरात मात्र तीन दांडे आले. आक्का मला म्हणाल्या, "पानं ते मोक्कार शेतस, पन फुलं काबर येत नहीत?" म्हणजे पानं तर भरपूर आहेत, पण फुलं का येत नाहीत?

गेली काही वर्षं मला हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. कधी निशिगंधाबद्दल, कधी कर्दळीबद्दल, कधी नर्सरीतून हौसेने आणलेल्या आयरिसबद्दल. "माती चांगली नाही", "हात लाभत नाही" अशी समजूत करून घेऊन लोक कंद उकिरड्यावर टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ते कंद बहुतेक वेळा धडधाकट असतात. त्यांची फुलायची वेळ झालेली नसते, एवढंच.

## कंद ही कणगी आहे

जमिनीखाली जे जाड, गरयुक्त असतं त्या सगळ्याला आपण कंदच म्हणतो. त्यात फरक आहेत. निशिगंधाचा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा असतो. आयरिस, कर्दळ, हळद आणि आलं यांचा कंद म्हणजे जमिनीलगत आडवं वाढणारं जाड खोड. त्याला या लेखात मी गाठ म्हणेन, म्हणजे घोळ होणार नाही. रूप कोणतंही असो, काम एकच, साठवण. पानं उन्हात अन्न तयार करतात, त्यातलं उरलेलं खाली भरून ठेवतात.

आता फुलाचा हिशोब बघा. पान हे कमावतं असतं. उगवायला थोडा खर्च लागतो, पण महिन्याभरात ते स्वतःचा खर्च भरून काढतं. फूल मात्र निव्वळ खर्च. निशिगंधाचा दांडा कंबरेएवढा उंच जातो, त्यावर तीस-चाळीस कळ्या लागतात आणि त्या सगळ्या कणगीतल्या साठ्यावर पोसल्या जातात. कापसाचे पैसे हातात आल्याशिवाय आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात लग्न काढत नाहीत, तसंच हे आहे. कंदाच्या आत कोंबाचं टोक असतं. साठा पुरेसा झाला तरच ते टोक पानं काढायचं थांबवून फुलाचा दांडा काढू लागतं. साठा कमी असेल तर ते पानांवर पानं काढत राहतं. झाडाने तसं करणं शहाणपणाचंच आहे, आधी कमाई आणि मग खर्च.

म्हणून मोक्कार पानं बघून निराश होऊ नका. ती पानं म्हणजे कणगी भरण्याचं काम चालू असल्याची खूण आहे.

## एक कंद, एकच दांडा

ही गोष्ट जळगाव, रावेर, यावलकडच्या वाचकांना मी सांगायची गरजच नाही. केळीच्या एका झाडाला एकदाच घड लागतो. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं, मग बुंध्याशी आलेला मुनवा, म्हणजे पिल्लू, पुढे येतो आणि पिलबाग उभी राहते. कापलेल्या खोडाला पुन्हा घड लागेल म्हणून कुणी पाणी भरत बसत नाही.

निशिगंधाचं अगदी असंच आहे. ज्या कंदातून दांडा निघाला, तो कंद पुन्हा फुलत नाही. तो आपल्या कडेने पिल्लं सोडतो आणि हळूहळू आटतो. हल्ली वनस्पतिशास्त्रज्ञ निशिगंधाला घायपाताच्याच गणात धरतात, हे मला कळलं तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. बांधावरच्या घायपातालाही वर्षानुवर्षांनी एकदाच उंच दांडा येतो, झाड मरतं आणि बुंध्याशी पिल्लं उरतात. निशिगंध तेच काम लहान मापाने आणि लवकर करतो.

आयरिसची गाठही एकदा फुलली की संपते. तिच्या दोन्ही कुशींतून नव्या गाठी फुटतात आणि पुढची फुलं त्यांच्यावर येतात.

याचा व्यवहारात अर्थ असा की गड्डा फोडताना मधला सगळ्यात मोठा, जाडजूड दिसणारा कंद हातात आला तर नीट बघा. त्याच्या डोक्यावर वाळलेल्या दांड्याचा खुंट किंवा पोकळ खूण असेल, तर तो खर्च झालेला कंद आहे. मोठा दिसतो म्हणून लोक तोच स्वतःसाठी ठेवतात आणि मग वर्षभर वाट बघतात.

## दाटी झाली तरी फुलं नाहीत, फोडला तरी नाहीत, असं का?

आक्कांनी हाच प्रश्न विचारला आणि तो रास्त आहे. गड्डा दाटला म्हणून फुलं कमी झाली, म्हणून तो फोडला, तर फुलं पारच बंद झाली.

गड्ड्याच्या आत काय चालतं ते बघू. मोठ्या कंदाचा मधला कोंब जोरात असेपर्यंत तो बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शास्त्रात याला अग्रप्रभाव म्हणतात. घरात कर्ता पुरुष असेपर्यंत धाकटे वेगळी चूल मांडत नाहीत, तसं. मधला कोंब फुलून गेला की सगळे डोळे एकदम सुटतात. एकाचे पाच, पाचांचे वीस. जमीन मात्र तेवढीच, हातभर. वीस भावांत चार एकर वाटल्यावर जे होतं ते इथे होतं. मुळांत मुळं अडकतात, पानावर पान पडून ऊन मिळत नाही आणि एकाचीही कणगी भरत नाही. सगळे कंद गोटीएवढेच राहतात. दाटलेल्या गड्ड्यात दांडे कमी होतात ते असे.

वाटणी करणं म्हणूनच योग्य. पण वाटणी झालेला भाऊ पहिल्या वर्षी काय करतो? विहीर खणतो, छप्पर घालतो, बैलजोडी बघतो. घरात लग्न काढतो ते त्यानंतर. उपटताना कंदाची जवळजवळ सगळी बारीक मुळं तुटतात, आणि पाणी शोषण्याचं खरं काम तीच मुळं करतात. आधी नवी मुळं येतात, मग पानं येतात, मग कणगी भरते आणि मगच दांडा. मोठ्या कंदाजवळ थोडी शिल्लक असते, त्यामुळे तो हे सगळं एका हंगामात उरकतो. लहान कंदाला दोन हंगाम लागतात.

## सुपारी, गोटी आणि हरभरा

आठांपैकी त्या एका घरात तीन दांडे कसे आले, याचा मी तिथे जाऊन शोध घेतला. त्या मावशींच्या वाट्याला योगायोगाने गड्ड्याच्या बाहेरच्या कडेचे चार-पाच कंद आले होते. कडेच्या कंदांना जागा आणि ऊन जास्त मिळालेलं असतं, त्यामुळे ते टपोरे असतात. मला मिळालेले कंद मधल्या दाटीतले, बारीक होते.

निशिगंधाचा लावायचा कंद दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा, साधारण सुपारीएवढा असावा. तो नीट लावला तर त्याच हंगामात फुलतो. दीड सेंटिमीटरच्या आतला, गोटीएवढा किंवा त्याहून लहान कंद पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाही. हरभऱ्याएवढी जी बारीक पिल्लं चिकटलेली असतात ती तर नुसती रोपवाटिका समजायची. केळीचा मुनवा निवडताना शेतकरी तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा, साधारण ४५० ते ७५० ग्रॅम वजनाच्या कंदाचा मुनवा का शोधतात? कारण हेच. वरची पानं किती रुंद आणि हिरवी दिसतात त्यापेक्षा खाली कणगी किती भरलेली आहे हे ते बघतात.

माझं मत स्पष्ट आहे. शेजाऱ्याला द्यायचे तर सुपारीएवढे तीन कंद द्या. मूठभर गोट्या दिल्याने देणाऱ्याचंही समाधान होत नाही आणि घेणाऱ्याचंही.

## आयरिसचा सल्ला निशिगंधाला का चालत नाही?

आता त्या व्हिडिओकडे येऊ. त्यातली बाई चुकीचं काही सांगत नव्हती. ती तिच्या फुलाबद्दल आणि तिच्या हवेबद्दल सांगत होती.

बागांमध्ये लावतात त्या दाढीवाल्या आयरिसचं, म्हणजे पाकळीवर केसांची रेघ असलेल्या आयरिसचं मूळ भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या मुलखात आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे आयरिस वसंतात फुलतं आणि फुलून गेल्यावर उन्हाळ्यात विसावा घेतं. दर तीन-चार वर्षांनी, फुलोरा संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी त्याचा गड्डा फोडतात. तो काळ तिकडे जुलै-ऑगस्टचा असतो. झाड विसाव्यात असल्यामुळे पानं छाटली तरी फारसं बिघडत नाही. उलट, मुळं नसलेल्या झाडाच्या पानांतून पाणी उडून जाण्याचं प्रमाण कमी होतं. गाठ मातीच्या वर उघडी ठेवतात, कारण तिला ऊन लागतं आणि ओलीत पुरली तर ती सडते.

निशिगंध आला मेक्सिकोतून. तिथे पाऊस आपल्यासारखाच उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होऊन पावसाळाभर पडतो. त्यामुळे जुलै-ऑगस्ट हे निशिगंधाचे भर कमाईचे आणि फुलण्याचे महिने आहेत. त्याचा विसावा हिवाळ्यात. म्हणजे आक्कांनी ऐन पेरणीच्या दिवसांत दुकान बंद करून घर बदलल्यासारखं झालं. मुळं तुटली, पानं छाटल्यामुळे कमाई थांबली आणि कंद उघडे राहिल्यामुळे उरलेला ओलावाही गेला. नवी पानं काढायला कंदाने होता नव्हता तेवढा साठा वापरला. मग थंडी आली, वाढ मंदावली. उन्हाळ्यात पुन्हा सगळं पहिल्यापासून. यंदाच्या पावसाळ्यात जी पानं दिसली ती त्या नुकसानीची भरपाई होती.

खोलीचंही असंच. निशिगंधाचा कंद चार ते सहा सेंटिमीटर मातीखाली, म्हणजे तीन-चार बोटं खोल हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, भुसावळकडे त्याहूनही वर. त्या उन्हात मातीचा वरचा थर तव्यासारखा तापतो. उघडा कंद त्यात भाजून निघतो. फार खोल पुरला तर कोंबाची शक्ती वर येण्यातच जाते. तीन मावशींनी पानांच्या बुडापर्यंत माती ओढली होती, त्यातल्या एकीलाच फुलं आली हे खरं. पण बाकीच्या दोघींच्या वाफ्यात पानं तरी सगळ्यांत जोरकस होती.

## मग आपल्याकडे आयरिस फुलेल का?

अनेकांना हे विचारायचं असतं, कारण त्या जांभळ्या रंगाची भूल पडते. दाढीवाल्या आयरिसला कळी धरायला काही आठवडे सलग कडक थंडी लागते. काश्मीरमध्ये ती मिळते, म्हणून तिथे वसंतात आयरिस भरभरून फुलतं. तिथल्या कब्रस्तानांत ते लावण्याची जुनी रीत आहे. धुळ्यात जानेवारीत एखाद्या पहाटे ६-७ अंश तापमान असतं, पण दुपारी ऊन असतंच आणि थंडीची लाट चार दिवसांत ओसरते. शिवाय पावसाळ्यातली काळी माती त्या गाठीला सोसत नाही. कुणी काश्मीरहून गाठी आणल्या असतील तर कुंडीत रेताड मिश्रणात जरूर लावा, पण फुलाची आस धरू नका. निदान त्यावर खतपाण्याचा मोठा खर्च करू नका.

आपल्या नर्सऱ्यांत "वॉकिंग आयरिस" नावाचं एक झाड मिळतं. ते आयरिसच्याच कुळातलं, पण उष्ण हवेतलं आहे. त्याचा फुललेला दांडा वाकून जमिनीला टेकतो आणि टोकाशी आलेलं पिल्लू तिथेच मूळ धरतं. थोडी सावली आणि ओल दिली तर ते आपल्याकडे जगतं.

आणि गाठीचं फुलझाडच हवं असेल तर कर्दळ आहेच. दोन-तीन डोळे असलेला गाठीचा तुकडा लावा, पाणी द्या, दोन-तीन महिन्यांत फुलं. फुलून गेलेला दांडा मात्र जमिनीलगत कापायचा, तो परत फुलत नाही. मे महिन्यात चेंडूसारखं लाल फूल देणाऱ्या फुटबॉल लिलीला हलवलेलं खपत नाही, ती वर्षभर रुसते. तिला जागेवरच राहू द्या.

## खानदेशात निशिगंध कधी आणि कसा हलवावा

दिवाळीनंतर फुलोरा ओसरतो. थंडी वाढली की पानं पिवळी पडू लागतात. तेव्हा पाणी हळूहळू कमी करा आणि जानेवारीच्या सुमारास थांबवा. पानांतलं अन्न याच काळात खाली उतरतं. हिरवट-पिवळी पानं "वाईट दिसतात" म्हणून कापली, तर मळणी झालेलं धान्य घरात यायच्या आत खळ्यावरून उचलून नेल्यासारखं होतं. ती पूर्ण वाळू द्या, मग ओढली की आपोआप हातात येतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गड्डा उपटा. माती झटका, धुऊ नका. कंद हाताने सुटे करा, सुरीची गरज पडत नाही. सुपारीएवढे एकीकडे, गोट्या दुसरीकडे, फुललेले खुंटवाले तिसरीकडे काढा. मग चार ते सहा आठवडे त्यांना सावलीत, हवा खेळेल अशा टोपलीत किंवा बारदानावर पसरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले कंद घाम सुटून सडतात.

हा मधला काळ बहुतेक लोक टाळतात आणि उपटले की लगेच लावून मोकळे होतात. पण निशिगंधाच्या कंदाला सुप्तावस्था असते, म्हणजे तो जिवंत असतो पण वाढ बंद ठेवून बसलेला असतो. कोरड्या विसाव्याने ती मोडते. विसावा न देता लावलेले कंद मागेपुढे, एकेक करून उगवतात.

लावणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास करा. माहेरवाशिणी झोक्यांवर असतात तेव्हा टोपलीतले कंद मातीत जायला हवेत. आमची काळी जमीन कसदार आहे, पण पावसात तिच्यात पाणी धरून राहतं आणि कंद कुजतो, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. यावर गादीवाफा हा चांगला उपाय आहे. वीतभर उंच वाफा करून त्यात जुनं कुजलेलं शेणखत आणि थोडा बारीक मुरूम मिसळा. दोन कंदांत वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर अंतर ठेवा. "एवढी जागा मोकळी का सोडायची?" असं वाटतं खरं, पण ती जागा पिल्लांची आहे.

लावल्यावर एकदा चांगलं पाणी द्या. मग कोंब वर येईपर्यंत माती नुसती ओलसर राहील एवढंच द्या. वर वाळलेल्या केळीच्या पानांचं किंवा पाचटाचं आच्छादन घाला. निशिगंधाला २० ते ३० अंशांची हवा सगळ्यात मानवते, चाळिशीच्या पुढे दांडे आखूड राहतात. आखाजीला लावलेला कंद मेचा ताप मातीखाली काढतो, जूनच्या पावसात पानं वाढवतो आणि साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी, म्हणजे गणपतीच्या मागेपुढे पहिला दांडा काढतो. हवा निवलेली असते, त्यामुळे दांडा लांब होतो.

गोट्या फेकू नका. त्या एका ओळीत, चार बोटांच्या अंतराने लावा आणि एक हंगाम नुसत्या पानांवर वाढू द्या. पुढच्या आखाजीला त्या सुपारीएवढ्या झालेल्या असतात.

## "खत तर भरपूर घातलं होतं!"

हे मला सात घरांपैकी चार घरांत ऐकू आलं. विचारल्यावर कळलं, शेतातून आणलेला मूठभर युरिया. कपाशीला युरिया जास्त झाला की काय होतं हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. झाड माजतं, खांद्याएवढं होतं आणि बोंडं लागत नाहीत. कंदांचंही तेच होतं. युरियातल्या नत्राने पानं गर्द हिरवी, लुसलुशीत होतात, पण मिळालेलं अन्न पानांतच खर्चलं जातं, खाली उतरत नाही. शिवाय अशा लुसलुशीत पानांना मावा आणि कूज लवकर गाठतात.

फुलासाठी आणि कंदासाठी स्फुरद आणि पालाश हवं. इथे खानदेशची एक वेगळी अडचण आहे. पुस्तकांत आणि व्हिडिओंत हाडांचा चुरा घालायला सांगतात. पण तो आंबट मातीत विरघळतो, आणि आमच्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, अल्कधर्मी असतात. त्यांत हाडांचा चुरा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. चुलीची राखही जपून घाला, अल्कधर्मी मातीत आणखी अल्क कशाला? त्यापेक्षा चमचाभर सिंगल सुपर फॉस्फेट ओंजळभर शेणखतात मिसळून लावणीच्या वेळी कंदाच्या खाली, मातीच्या थराआड द्या. शेणखतात मिसळल्याने ते मातीतल्या चुन्याशी लगेच बांधलं जात नाही आणि मुळांना मिळतं.

## "ऊन तर दिवसभर असतं"

अंगणात असतं, पण वाफ्यात असतं का? कंदवर्गीय फुलांना निदान सहा तास थेट ऊन लागतं. शहरात आता चहूबाजूंनी मजले चढलेत. सूर्य दक्षिणेकडे कलला की ज्या वाफ्यात जूनमध्ये ऊन होतं तिथे ऑक्टोबरपासून भिंतीची सावली पडते, आणि कणगी भरायचे दिवस तेच असतात. माझा वाफा कडुनिंबाखाली होता. मी दोन वर्षं मातीला दोष देत राहिले, मग एका सुटीच्या दिवशी दर तासाला जाऊन बघितलं तेव्हा कळलं की तिथे जेमतेम तीन तास ऊन येतं. तुम्हीही एक दिवस असं बघा.

## "आमच्या गावी तर कुणी कधी उपटत नाही, तरी फुलतात"

फुलतात, कारण गावी जागा असते. गड्डा पसरत जातो, कडेचे कंद टपोरे होतात आणि फुलं कडेकडेने येत राहतात. मधला भाग मात्र नुसत्या पानांचा झालेला असतो, पुढच्या वेळी गेलात की वाकून बघा. अंगणातल्या हातभर वाफ्यात ही चैन नसते. तरीही दरवर्षी उपटू नका, त्याने कंदाला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही. तीन वर्षांनी एकदा पुरे. व्यापारी शेतीतही एकदा लावलेला निशिगंध साधारण तीन वर्षं ठेवतात.

वांगी किंवा टोमॅटो काढलेल्या जागी निशिगंध लावणंही टाळावं. त्या मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणारे अतिसूक्ष्म किडे राहिलेले असू शकतात. झाड खुरटतं आणि आपण कारण वर शोधत बसतो. आधी एक हंगाम झेंडू घेतला तर त्यांचा जोर कमी होतो. पावसाळ्यात पानांच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर तो कंद मातीसकट काढून दूर टाका, वाचवायच्या नादात बाकीचे जातील.

नवे कंद विकत घ्यायचे असतील तर वाण विचारून घ्या. श्रृंगार आणि प्रज्वल हे एकेरी फुलांचे, सुवासिनी आणि वैभव हे दुहेरी. चारही बंगळूरुजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तयार केलेले. वेणी-गजऱ्याला आणि सुवासाला एकेरी, फुलदाणीत ठेवायला दुहेरी. सूत्रकृमींचा त्रास असलेल्या जागी श्रृंगार जास्त टिकतो.

आक्कांना हे सगळं मी तुकड्यातुकड्यांनी, चार संध्याकाळी पायरीवर बसून सांगितलं. त्यांनी आधी मावशींच्या वाफ्यातल्या फुललेल्या तीन कंदांजवळ काड्या रोवल्या, म्हणजे पुढे उपटताना चूक व्हायला नको. मग घरोघर जाऊन सांगून आल्या की यंदा कुणी पानांना हात लावायचा नाही. टाकीजवळच्या रिकाम्या वाफ्यात त्यांनी मुरूम आणून टाकलाय. टोपली माझ्याकडची द्यायची ठरली आहे, फेब्रुवारीत.